पालथी टोपली अथवा तत्सम वस्तू

"चिटणीस, ते तोरण तसंच राहू द्या नि तळ्यावर चला. ह्यांनी बोलावलंय."

मी स्टुलावर उभा होतो आणि तोंडात सुतळी धरली होती. चांगुणावहिनी एरवी येताना चहा आणायच्या, निदान एखादा टोमणा तरी आणायच्या. त्या सकाळी त्यांनी दोन्ही आणलं नव्हतं. मी सुतळी थुंकून खाली उतरलो.

वेशीची खाडी जिथे कोपरासारखी वळते तिथल्या उंच बांधावर आम्ही मांडव घातला होता. तिथून खाडीच्या दोन्ही बाजू दिसतात आणि दोन्ही काठांना लागून असलेली कोळंबीची तळीही. दहाच्या सुमारास मंत्रालयातून उपसचिव केळुसकर मॅडम पाहणीला यायच्या होत्या. मांडवात फलक होता, हार होते, बर्फावर मांडलेल्या कोळंबीच्या टोपल्या होत्या. टोपल्या शोभिवंत हव्यात म्हणून मी पहाटेच आमच्या कोळंबी संघाचे उपाध्यक्ष केशवराव भोईर यांच्या घरून त्यांच्या बायकोच्या सगळ्या टोपल्या उचलून आणल्या होत्या. संघाच्या खुर्च्याही त्यांच्याच पडवीत असत, त्याही आणल्या. एकीचा पाय मोडका होता, ती तेवढी तिथेच ठेवली. सरकारला मोडकी खुर्ची दाखवू नये. सरकार लगेच आपलेपणा मानतं.

संघाचे अध्यक्ष हिराजी घरत, म्हणजे वहिनींचे यजमान, स्वतःच्या तळ्याच्या बांधावर उकिडवे बसले होते. हातात चेकट्रे होता. चेकट्रे म्हणजे जाळीची ताटली. तिच्यात खाद्य घालून ती तळ्यात सोडायची आणि काही वेळाने वर ओढून कोळंबी खाते की नाही ते बघायचं. ताटलीत खाद्य जसंच्या तसं होतं. चार कोळंब्या होत्या, पण त्यांना उडी मारायची इच्छा दिसत नव्हती. हिराजींनी एक उचलून माझ्यापुढे धरली. डोक्याच्या कवचावर मिठाच्या कण्यांसारखे पांढरे ठिपके होते.

"सकाळी कावळे बसलेले दिसले बांधावर," ते म्हणाले. "म्हटलं, पाहुणे आधी ह्यांना कसे कळले?"

त्यांनी ते गमतीनं म्हटलं, पण हसले नाहीत. समोर तळ्याच्या कडेला, जिथे एरवी कोळंबी फिरकत नाही तिथे, ती काठाला टेकून मेल्यासारखी पडली होती. ज्यानं कधी कोळंबी पाळली नाही त्यालाही हे कळलं असतं. मला संघात येऊन तीनच वर्षं झाली होती आणि मलाही कळलं.

पांढरा ठिपका. ह्या रोगाला औषध नाही. तळं गेलं म्हणजे गेलं.

---

मी ह्या लोकांच्यात कसा आलो ते दोन ओळींत सांगतो. तालुक्याच्या एका साप्ताहिकात मी चेष्टेचं सदर लिहीत असे आणि त्यात ह्या संघाची दोनदा चामडी लोळवली होती. दुसऱ्या लेखानंतर हिराजीशेठ स्वतः कार्यालयात आले. मी मागच्या दारानं निघायच्या बेतात होतो. ते म्हणाले, "एवढं नीट वाईट लिहितोस, तर आमच्यासाठी सरकारला लिही की. सरकारला चांगलं लिहिलेलं वाचायची सवय नाय." त्या दिवसापासून मी वेशी खाडी कोळंबी संवर्धक संघाचा पगारी चिटणीस झालो आणि चेष्टा करायचा धंदा बुडाला. रोज ज्याची खोड काढायला बसावं त्याच माणसाचं काम बघून संध्याकाळी गप्प बसायची पाळी यायची.

कारण हिराजी घरतांसारखा सरकारशी बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. कोळंबी पाळणाऱ्याची मोठी अडचण अशी, की तो नेमका कोण हेच कोणत्या टेबलाला माहीत नसतं. शेतीवाले म्हणत, तुम्ही मासेवाले. मासेवाले म्हणत, तुमच्याकडे होडी कुठाय? वीजवाले म्हणत, तुम्ही कारखाना. आणि कारखानेवाले म्हणत, धुरांडं दाखवा. दुसरा कोणी असता तर आरडाओरडा केला असता. हिराजी प्रत्येक टेबलासमोर शांत बसून म्हणायचे, "बरोबर साहेब, आम्ही तुमचे नाय. पण ज्याचे हाव त्याला तुम्ही एक फोन कराल का?" आणि फोन व्हायचा.

त्यांचे काही नियम होते. मंत्रालयात जाताना हार न्यायचा नाही, भेट न्यायची नाही, रडायचं नाही. "सरकार रोज रडणारेच बघतं. आपण रडलो तर रांगेत शेवटी." आणि मागणी एकच करायची. मी एकदा निवेदनात पाच मागण्या लिहिल्या होत्या. त्यांनी चार खोडल्या. "दोन मागितल्या की सरकार सोपी देतं नि अवघड ठेवतं. आपल्याला अवघडच पाहिजे."

त्या वर्षीची अवघड मागणी एकच होती. सरकारने एका नव्या नियमाचा मसुदा काढला होता: ज्या खाडीत कोळंबीचा रोग आढळेल, त्या खाडीतल्या सगळ्या तळ्यांचे परवाने त्या हंगामापुरते बंद. कागदावर छान दिसायचं. हिराजींनी मसुदा वाचून बाजूला ठेवला आणि म्हणाले, "ह्यानं रोग नाय थांबणार, रोग सांगणारे थांबतील."

मंत्रालयात केळुसकर मॅडमसमोर त्यांनी हेच सांगितलं आणि एकच मागितलं: सांगणाऱ्याला शिक्षा करण्याऐवजी आमच्या खाडीची रीतच नियमात घ्या. मॅडम चाळिशीच्या, चष्म्याच्या, बोलायला कमी आणि ऐकायला पक्क्या. अशा अधिकाऱ्यांची भीती वाटते. बोलणाऱ्यांना गुंडाळता येतं.

"आमच्या खाडीत एक रीत हाय मॅडम," हिराजी म्हणाले. "ज्याच्या तळ्यात रोग आला, त्यानं आपल्या उघाडीवर बांबूला पालथी टोपली टांगायची."

उघाडी म्हणजे बांधातलं फळ्यांचं दार. भरतीला ते उघडून खाडीचं पाणी तळ्यात घेतात.

"सुलटी टोपली बाजाराला. पालथी म्हणजे आज धंदा नाय. ती दिसली की खाडीतला कोणी उघाडी उघडत नाय. ज्याची टोपली, तो आपलं पाणी खाडीत सोडत नाय. जिथल्या तिथं जंतू मारायचं औषध टाकून तळं बंद करतो. त्याचं पीक बुडतं. मंग पुढल्या हंगामाला प्रत्येक शेजारी त्याला एकेक पिशवी कोळंबीचं बी देतो. सांगणारा बुडत नाय, म्हणून सांगतो."

"आणि जो लपवतो?"

"त्याला बी नाय नि पाण्याची पाळी पण नाय."

मॅडमनी फाइल चाळली. "गेल्या दोन हंगामांत तुमच्याकडे अशी टोपली लागल्याचं मला कुठे दिसत नाही. मग ही रीत आहे, की रीतीची आठवण आहे?"

हिराजी पहिल्यांदाच जरा अडखळले. मग म्हणाले, "देवाच्या दयेनं रोग आला नाय मॅडम. आला की दाखवतो."

बाहेर व्हरांड्यात आल्यावर केशवराव भोईर कपाळ बडवून म्हणाले होते, "हे कशाला बोललास? मेल्या, हे कशाला बोललास?"

---

आता ते केशवराव बांधावरून धापा टाकत येत होते. पाहुण्यांसाठी कडक इस्त्रीचा सदरा आणि डोक्यावर फेटा. ते हिराजींचे साडू. चांगुणावहिनींच्या धाकट्या बहिणीचे यजमान. संघाच्या अध्यक्षपदावर त्यांचा डोळा होता आणि ते हे लपवत नसत. प्रत्येक वार्षिक सभेत उभं राहून ते हिराजींचा हिशेब, भाषण आणि चहा यांपैकी दोन गोष्टींवर टीका करत आणि तिसरी घेत.

त्यांनी चेकट्रेमध्ये एकदाच बघितलं.

"आजच?" ते म्हणाले.

"आजच," हिराजी म्हणाले.

"आला की दाखवतो म्हणालास. तोंडातनं काढलंस तेव्हाच ह्यानं ऐकलं असणार." त्यांनी कोळंबीकडे असं बघितलं, जणू ती व्हरांड्यात उभी होती. मग आवाज खाली आणला. "हे बग. बाई दहाला येणार, बाराला जेवणार, एकला जाणार. ती गाडीत बसली की टोपली लाव. मी स्वतः बांबू धरतो."

"आज अमावास्या, केशव. उधाणाचं पाणी साडेअकरालाच उघाड्यांना लागतं. सगळे उघडून बसतील. हा रोग मी कुठनं विकत आणला नाय, खाडीतनंच आलाय. नि माझ्या फळ्यांतनं पाणी पाझरतंय, खेकडे बांध ओलांडतायत. आज कोणी पाणी आत घेतलं, तर पंधरा दिवसांत अख्खी खाडी झोपली."

"मंग गुपचूप सांगू. फोन करू एकेकाला."

"गुपचूप सांगायचं असतं तर आपल्या बापांनी टोपली कशाला टांगली असती? गुपचूप सांगितलेलं अर्धे गुपचूप ऐकतात नि गुपचूप उघडतात."

केशवराव माझ्याकडे वळले. "चिटणीस, तुम्ही शिकलेले. सांगा ह्याला. बाई आली नि पहिलीच टोपली अध्यक्षाच्या दारात बघितली, तर तो नियम उद्या नाय, आजच सही होईल. अख्ख्या खाडीचा हंगाम बंद. एका तळ्यासाठी!"

खरं सांगायचं तर मला त्यांचं पटत होतं. मी काही बोललो नाही. पगारी माणसाला न बोलण्याचेच पैसे जास्त असतात.

चांगुणावहिनी तळ्याकडे बघत उभ्या होत्या. त्या तळ्याच्या पिकावर धाकट्या मुलीचं लग्न ठरलं होतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "टोपली मी आणू, की तुम्ही आणता?"

"ताई, तू तरी..." केशवराव म्हणाले.

"भाऊजी, माझं तर गेलंच. तुमचं वाचवायचं म्हणतायत ते. त्यांना अडवताय कशाला?"

केशवरावांनी फेटा काढून काखेत मारला. "माझं पाणी खारावलंय, हिराजी. उन्हानं हातभर उतरलंय. ह्या उधाणाला घेतलं नाय तर माझी कोळंबी रोगाशिवाय मरेल. ठाऊक हाय ना तुला?"

"ठाऊक हाय."

"तरी लावणार?"

"लावणार."

"मंग तुझी टोपली तुला, माझी उघाडी मला." असं म्हणून ते मोटारसायकलला लाथ मारून खाडीच्या तोंडाकडे, आपल्या तळ्यावर निघून गेले. त्या लाथेतली अर्धी मोटारसायकलसाठी नव्हती.

हिराजींनी घरातून टोपली आणली. रोजचीच, कडेला माशाचा वास असलेली. बांबूच्या टोकाला पालथी बांधली आणि बांबू उघाडीच्या खुंटाला उभा केला. वाऱ्यानं ती थोडी हलली. मग त्यांनी हात धुतले, सदरा झटकला आणि मला म्हणाले, "चला. तोरण अर्धंच राहिलंय तुमचं."

---

मॅडम वेळेवर आल्या. सोबत जिल्ह्याचे एक साहेब होते, ते सगळ्या गोष्टींना मान डोलवत होते. हार झाला, नारळ झाला. मंचावर पाच खुर्च्या मांडल्या होत्या, त्यात उपाध्यक्षांची रिकामी. मॅडमनी तिच्याकडे बघितलं आणि काही विचारलं नाही. न विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणं फार कठीण असतं.

मी स्वागताचं भाषण सुरू केलं. वेशी खाडीच्या निसर्गरम्य परिसराशी पोचलो आणि बघतो तो मॅडम माझ्याकडे नाही, माझ्या खांद्यावरून पलीकडे बघतायत. मी वळलो.

हिराजींच्या शेजारच्या तळ्यावर एक टोपली वर चढत होती. पालथी. तिच्यापुढच्या तळ्यावर दुसरी. वळणापलीकडे तिसरी, मग समोरच्या काठाला एक, मग आणखी. बघता बघता खाडीच्या दोन्ही अंगांना बांबूच्या टोकांवर टोपल्या उभ्या राहिल्या, जणू कोणीतरी गावाची सगळी डोकी मोजायला वर काढली होती.

जिल्ह्याच्या साहेबांची मान डोलायची थांबली. "हे... हे सगळीकडे रोग आहे?"

मॅडम उभ्या राहिल्या. "घरत, एवढी सगळी तळी?"

माझ्या हातातलं भाषण घामानं चिकटलं. केशवरावांनी सांगितलं होतं ते सगळं समोर होत होतं, उलट त्यांनी कमीच सांगितलं होतं. एक टोपली म्हणजे परवान्यांना धोका. इथे तर सरकारनं नुसतं बोटानं दाखवावं आणि खाडी बंद करावी.

हिराजी उठले नाहीत. "रोग एका तळ्यात हाय मॅडम," ते म्हणाले. "ते माझं. सकाळीच दिसलं. पहिली टोपली माझी."

"आणि बाकीच्या?"

"खाडी वळते ना. ह्याला माझी दिसते, त्याच्या पलीकडच्याला नाय दिसत. म्हणून ज्याला दिसली त्यानं आपली लावायची, पुढच्याला दिसावी म्हणून. त्यांच्या टोपल्या म्हणजे रोग नाय. 'ऐकलं' म्हणून सांगणं हाय ते."

साहेबांनी घसा खाकरला. "आता असं म्हणणं सोपं आहे. रोगट कुठली आणि ऐकणारी कुठली, आम्ही कसं ओळखायचं? मॅडम, मला वाटतं हे प्रकरण..."

मॅडमनी हात वर केला. साहेब थांबले. "हो घरत, कसं ओळखायचं? मी तुमच्यावर विश्वास का ठेवू?"

"ठेवू नका," हिराजी म्हणाले. "बसा. भरती यायचीय."

मी चिटणीस म्हणून अनेक वाक्यं लिहिली होती. शासनाला बसायला सांगणारं एकही लिहिलं नव्हतं. पण मॅडम बसल्या. चष्मा पुसला. "किती वेळ?"

"पाणी निघालंय. बघा, खालच्या खडकाला लागलंच."

आणि मग सगळे बसून राहिले. जेवणाची वेळ व्हायला आली. वहिनींनी सरबत फिरवलं. सभेत काहीच घडत नव्हतं आणि कोणी भाषण करत नव्हतं. एवढी चांगली सरकारी सभा मी पाहिली नव्हती.

पाणी चढत आलं. अमावास्येचं उधाण गुपचूप येत नाही. ते खाडीच्या तोंडाशी जरा थांबल्यासारखं करतं आणि मग दोन्ही काठ धरून आत सरकतं. खडक बुडाला, चिखल बुडाला, खारफुटीची मुळं बुडाली. आता पाणी उघाड्यांच्या फळ्यांना लागलं. ऊन रणरणत होतं. दोन्ही काठांना तळ्यांचं पाणी खाली गेलेलं दिसत होतं. बाहेर भरलेली खाडी, आत तहानलेली तळी, मधे फळी. प्रत्येक उघाडीवर एक माणूस उभा होता, काही ठिकाणी बायका होत्या. कोणी फळीला हात लावत नव्हतं.

मॅडमनी दुर्बीण मागितली. ती साहेबांच्या गाडीत होती, पक्षी बघायला आणलेली. बराच वेळ त्या बघत होत्या, नजरेनं एका काठानं गेल्या, दुसऱ्यानं परत आल्या.

"ते तिकडे, तोंडाजवळ," त्या म्हणाल्या. "तिथे टोपली नाही. ते कोणाचं?"

हिराजींनी बघायची गरज नव्हती. "आमच्या उपाध्यक्षांचं."

"ह्या खुर्चीवाल्यांचं?"

"व्हय."

"त्यांना दिसली नसेल."

इथे हिराजींनी हो म्हटलं असतं तर काही बिघडलं नसतं. मी मनातल्या मनात त्यांच्यासाठी हो म्हणूनही टाकलं.

"दिसली हाय," हिराजी म्हणाले. "मी लावायच्या आधीच त्यांना ठाऊक हाय."

"मग ते उघडतील?"

"त्यांना पाणी सगळ्यांत जास्त लागतंय." हिराजींचा आवाज पहिल्यांदा खोल गेला. "उघडतील की नाय, मला नाय सांगता येत."

साहेबांनी डायरी काढली. आता त्यांच्याकडे लिहायला काहीतरी होतं. वहिनी मांडवाच्या खांबाला टेकून खाडीच्या तोंडाकडे बघत राहिल्या. तिथे त्यांच्या बहिणीचं घर होतं, आणि तो माणूस उघाडीवर उभा होता हे आम्हाला इतक्या लांबूनही कळत होतं. त्याचा पांढरा सदरा उन्हात चमकत होता. तो खाली वाकला. फळ्यांपाशी. मग तो सरळ झाला, घराकडे गेला, दिसेनासा झाला.

"लोखंडी कांब आणायला गेला," साहेब म्हणाले. फळ्या कांबेनं उचलतात, एवढं त्यांना माहीत होतं. फार तयारीनं आले होते.

पाणी निम्म्या फळीपर्यंत चढलं असेल. आता उघडलं की भरलंच.

पांढरा सदरा पुन्हा उघाडीवर आला. त्याच्याबरोबर दुसरं कोणी होतं, त्याची बायको असावी. दोघं एक बांबू उभा करत होते आणि बांबूच्या टोकाला काहीतरी होतं, मोठं, चौकोनी, हातापायांचं. ते डगमगलं, एकदा पडलं, पुन्हा उठलं आणि शेवटी खाडीच्या तोंडाशी, सगळ्या टोपल्यांपेक्षा उंच, उभं राहिलं.

मॅडमनी दुर्बीण डोळ्यांना लावली. बराच वेळ लावून ठेवली. मग विचारलं, "घरत, ती खुर्ची आहे का?"

हिराजींनी दुर्बीण घेतली. बघितलं. आणि मग तो माणूस, जो मंत्रालयात कधी हसला नव्हता आणि सकाळपासून रडला नव्हता, दोन्ही एकदम करू लागला.

"खुर्चीच हाय मॅडम. संघाची हाय. पालथी."

"टोपली का नाही?"

मी उभा राहिलो. हे उत्तर माझ्या खात्यातलं होतं. मी बर्फावरच्या कोळंबीकडे बोट केलं. "त्यांच्या घरातल्या सगळ्या टोपल्या इथे आहेत मॅडम. आपल्या स्वागताला. त्यांच्याकडे एक मोडकी खुर्ची तेवढी उरली होती."

पाणी पूर्ण भरलं, थोडा वेळ काठांना टेकून उभं राहिलं आणि आलं तसं उतरू लागलं. शेवटपर्यंत एकही फळी हलली नाही. मॅडम म्हणाल्या, "पाहणी झाली." आणि साहेबांनी डायरी मिटली.

जेवणाच्या पंगतीला केशवराव आले, सदरा चिखलानं भरलेला, फेट्याचा पत्ता नाही. मॅडमनी त्यांना शेजारी बसवून घेतलं.

"तुम्हाला पाणी लागत नव्हतं?"

"लागत नव्हतं कसं? आजच लागत होतं."

"मग का नाही घेतलं?"

केशवरावांना प्रश्नच कळला नसावा. त्यांनी मॅडमच्या पानाकडे बघितलं, कोळंबी वाढली आहे का म्हणून. "टोपली लागली होती ना," ते म्हणाले.

मग हिराजींकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तुझ्यासाठी नाय लावली हां. एवढं मोठं तोंड करून हसू नको. भाषण तर आजही वाईट झालं म्हणे."

"भाषण चिटणीसांचं होतं," हिराजी म्हणाले.

"मंग वाईटच झालं असणार."

---

केशवरावांच्या तळ्यातली निम्मी कोळंबी त्या उन्हाळ्यात गेली. निम्मी वाचली. हिराजींचं तळं औषध टाकून बंद झालं आणि मुलीचं लग्न एका हंगामानं पुढे गेलं. मुलाकडच्यांना कारण विचारायची गरज पडली नाही. त्यांचीही तळी त्याच खाडीवर होती.

पाऊस सरल्यावर नियम निघाला. सगळ्या खाडीचे परवाने बंद करायचं कलम त्यात नव्हतं. जो स्वतःहून रोग जाहीर करील त्याला संरक्षण, जो लपवील त्याला दंड, आणि ते ठरवायचं काम त्या त्या खाडीच्या संघाचं. हिराजींनी मागितलं होतं तेवढंच. एका अक्षरानं जास्त नाही. मी संघाच्या कार्यालयात तो नियम मोठ्यानं वाचून दाखवला. सगळे सभासद जमले होते. सरकारी भाषा ऐकताना माणसं जशी चेहरा करून बसतात तशी बसली होती. रोग कसा जाहीर करावा या कलमाशी मी पोचलो.

"'...तलावधारकाने आपल्या जलद्वारावर सहज दृष्टीस पडेल अशा उंचीवर बांबूच्या टोकास पालथी टोपली अथवा तत्सम वस्तू...'"

मी थांबलो. मग सगळ्यांनी केशवरावांकडे बघितलं.

"पुन्हा वाचा," केशवराव म्हणाले.

मी पुन्हा वाचलं.

"तत्सम म्हणजे मी," केशवराव म्हणाले आणि पाय पसरून बसले.

पुढे पेरणीच्या दिवशी हिराजींच्या बांधावर बियाच्या पिशव्या आल्या. प्राणवायू भरून फुगवलेल्या पारदर्शक पिशव्या, आत डोळ्याला जेमतेम दिसणारी कोळंबी. रीतीप्रमाणे प्रत्येक शेजाऱ्याची एक. केशवराव शेवटी आले, दोन घेऊन.

"एकच असते," हिराजी म्हणाले.

"एक तुझ्या टोपलीची. दुसरी खुर्ची वापरली तिचं भाडं. संघाची होती ना? मी कोणाचं ठेवत नाय."

हिराजींनी पिशवी घेतली, तळ्यात उतरले आणि ती पाण्यावर तरंगत ठेवली. आतल्या पाण्याची नि बाहेरच्या पाण्याची ओळख व्हायला जरा वेळ द्यावा लागतो. केशवरावही सदरा वर खोचून शेजारी उतरले आणि दुसरी पिशवी धरून उभे राहिले. बराच वेळ दोघं साडू गुडघाभर पाण्यात उभे होते, पिशव्या फुटू नयेत म्हणून हलक्या हातानं धरून.

परवा खूप वर्षांनी मी तिकडे गेलो होतो. आता हिराजी नाहीत. अध्यक्ष केशवराव आहेत, फार म्हातारे झालेत आणि मंत्रालयात जाताना एकच मागणी घेऊन जातात. उघाड्यांवर खुंटाला टोपल्या अडकवलेल्या होत्या, सुलट्या. खाडीच्या तोंडाशी मात्र टोपली नव्हती. तिथे तीन पायांची खुर्ची होती, सुलटी टांगलेली.

"टोपली का नाही लावत?" मी विचारलं.

"का?" केशवराव म्हणाले. "कायद्यात बसते की."